एका मूर्खलक्षणाची स्तुती

मूर्खांची मराठीतली सगळ्यात गाजलेली यादी रायगड जिल्ह्यात तयार झाली. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्याच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खांचा. इतकी बारकाईने केलेली मोजदाद घरात असताना तिच्यात भर घालायची, तर ती त्याच जिल्ह्यातल्या माणसांकडे बघून घालावी. ओळख ना पाळख अशा माणसासाठी जो हातातले काम टाकून पाण्यात, आगीत किंवा दरडीखाली शिरतो, तो एक मूर्ख. पेण आणि रोह्याच्या पट्ट्यात या जातीचे मूर्ख पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. हा लेख त्यांच्या स्तुतीसाठी आहे आणि त्यातला शब्द न् शब्द मनापासून लिहिला आहे.

इथेच हे पीक का येते, याला भूगोल कारण आहे. मागे सह्याद्री, पुढे खाडी आणि मध्ये चिंचोळी जमीन. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा, रोह्याला कुंडलिका. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो आणि नेमकी त्याच वेळी समुद्राला भरती असली, तर खाडी ते पाणी पोटात घेत नाही. मग नदी बाजारपेठेत येते. जुलै १९८९ मध्ये अंबेला असाच पूर आला. सुधागड तालुक्यातल्या जांभूळपाड्यावर रात्री काळ आला आणि खाली रोहे तालुक्यातल्या नागोठण्यात पाणी घुसले. आजही त्या भागात वयस्क माणसांच्या बोलण्यात ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असे दोन काळ असतात. त्याच जमिनीवरून कोकण रेल्वेकडे जाणारे रूळ जातात, मुंबई–गोवा महामार्ग जातो आणि रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांचे टँकर जातात. इतकी सगळी संकटे एका अरुंद पट्टीत दाटीने राहतात, तेव्हा माणसांना शेजारधर्म परवडो न परवडो, पाळावाच लागतो.

अशा मुलुखातली मुले सुपरहीरोंवर वाढतात, हे चांगलेच आहे. पण ते सुपरहीरो दिवसभर करतात काय, हे एकदा नीट बघायला हवे. जून १९३८ मध्ये अमेरिकेत सुपरमॅन छापला गेला, तेव्हा मुखपृष्ठावर तो मोटार डोक्यावर उचलून आपटत होता. आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ घरोघरी आला. त्याच्या अंगठीवर कवटी होती आणि ठोसा बसला की ती गुंडाच्या जबड्यावर कायमची उमटायची. १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान आला. या सगळ्यांनी माणसांना वाचवले नाही असे नाही. पण लक्षात काय राहिले? ठोसा. वेताळाने ज्याला मारले त्याच्या जबड्यावर खूण राहिली. ज्याला वाचवले तो मात्र लक्षात राहिला नाही. तो चौकटीच्या कोपऱ्यात दोन्ही हात वर करून उभा असतो, आणि पान उलटले की संपला.

दुष्टाशी लढण्यात एक मोठी सोय असते. लढाईला समोर कोणीतरी लागते आणि समोर कोणी असले की राग येतो. राग आला की धैर्य आपोआप येते. त्यासाठी वेगळे काही कमवावे लागत नाही. शिवाय लढाईला प्रेक्षक असतात, हार-जीत असते, शेवटी मिरवणूक असते. पुराला जबडा नसतो. दरडीला शिवी दिली तर ती ऐकत नाही. उलटलेल्या डब्याखाली पाय अडकलेल्या बाईला बाहेर काढताना कोणावर चिडायचे? तिथे रागाची मदत मिळत नाही. उरते ती फक्त समोरच्याच्या जिवाची काळजी, आणि तेवढ्या भांडवलावर माणूस आत शिरतो. म्हणून वाचवणे हे लढण्यापेक्षा अवघड काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

ज्या चित्रपटांना हे कळले, ते मला प्रिय आहेत. १९७८ च्या चित्रपटातला सुपरमॅन हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या बाईला झेलतो आणि त्याच रात्री एका मुलीचे झाडावर अडकलेले मांजरही उतरवून देतो. आपला क्रिश २००६ मध्ये तोंडावर मुखवटा चढवतो तो सर्कशीच्या आगीत सापडलेल्या मुलांना काढण्यासाठी. खलनायकाची गाठ पुढे पडते. २०२५ च्या जुलैत आलेल्या नव्या सुपरमॅनने तर अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंजताना मधेच एका खारीला उचलून बाजूला नेले. खारीपायी लढाई सोडणारा नायक काहींना मूर्ख वाटला असेल. मला तो त्या चित्रपटातला सगळ्यात थोर क्षण वाटतो, कारण असा नायक निडीला कामाचा होता.

निडी हे रोहे तालुक्यातले छोटे गाव. रविवार, ४ मे २०१४. मुलांना सुट्ट्या लागलेल्या, लग्नसराई जोरात, मुंबई-ठाण्यातला चाकरमानी कोकणात निघालेला. सकाळी दिवा–सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे सोडून रोह्याच्या दिशेने जात असताना निडीजवळ तिचे इंजिन आणि चार डबे रुळांवरून घसरले. वीसच्या आसपास माणसे गेली आणि शंभराहून जास्त जखमी झाली. बचावाची सरकारी साधने आली, कटर आले, रुग्णवाहिका आल्या, मोठे अधिकारी आले. पण त्या सगळ्यांच्या आधी आजूबाजूच्या गावांतली माणसे आली होती.

ते काम म्हणजे काय असते, हे थोडे जवळून बघू. आडव्या पडलेल्या डब्याचे दार आकाशाकडे असते, म्हणून आधी डब्यावर चढावे लागते. पॅसेंजरच्या खिडक्यांना लोखंडी गज असतात, तिथून डोके आत जात नाही. वरच्या दारातून आत उतरायचे, तर पाय कशावर पडेल ते दिसत नाही. बाकडी भिंतीवर चढलेली असतात, फळ्या सुटून आलेल्या, काचेचा खच, सामानाचा ढीग आणि त्या ढिगाखाली माणसे. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे हात आधी जातो; पण जो ओरडत नाही त्याच्याकडे आधी बघावे लागते, हे तिथे गेल्यावर कळते. पत्रे तापलेले असतात. स्ट्रेचर नसते, म्हणून घरातली चादर, सतरंजी, जे मिळेल ते येते. चार कोपरे चौघांनी धरायचे आणि खडीवरून, उतारावरून सांभाळत चालायचे. हे करायला उडता यावे लागत नाही. मनगटात जोर लागतो आणि रक्ताची किळस गिळावी लागते.

आता या मूर्खपणाचा हिशेब मांडू, कारण शहाणा माणूस आधी हिशेब मांडतो.

पहिला हिशेब पैशाचा. हातावर पोट असलेल्या माणसाचा दिवस बुडतो. टेम्पो किंवा विक्रम रिक्षा असेल तर डिझेल स्वतःचे, आणि मागच्या बाकावर पडलेले रक्त धुवायचे कामही स्वतःचे. मोबाइल पाण्यात जातो. चप्पल तर हमखास जाते. याला आपल्याकडे घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात आणि घरोघरच्या आया मुलांना त्या न भाजण्याची ताकीद देतात.

दुसरा हिशेब कायद्याचा. रस्त्यावरच्या जखमीला उचलले, तर पोलिसांना जबाब द्या, दवाखान्यात नाव-पत्ता लिहा, पुढे कोर्टाच्या तारखांना जा, ही धास्ती लोकांच्या मनात अनेक वर्षे होती आणि ती निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांवर मोहर उमटवली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आले: रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर खटला नाही, आणि स्वतःची ओळख सांगायची सक्तीही नाही. २०२१ मध्ये जखमीला पहिल्या मोलाच्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी पाच हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले आणि २०२५ मध्ये त्याचे पंचवीस हजार झाले. हे सगळे चांगले झाले. पण तारखा बघा. निडीची माणसे धावली २०१४ मध्ये, आणि नागोठण्यात माणसांनी एकमेकांना पाण्यातून ओढून काढले त्याला तर तेव्हाच जवळपास पंचवीस वर्षे झाली होती. कायद्याने छत्री धरली तेव्हा ही माणसे भिजून, वाळून कामाला लागली होती.

तिसरा हिशेब जिवाचा. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला बुडतो, अशी बातमी दर पावसाळ्यात येते. तो हिशेब आकड्यांत मांडता येत नाही. ज्या घरात असा माणूस गेला, त्या घराला कोणत्याही कौतुकाने तो परत मिळत नाही. वाचवणाऱ्यांची स्तुती करणाऱ्याने हे वाक्य गिळून पुढे जाऊ नये, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तिन्ही हिशेब तोट्याचे निघतात. शहाणपण एकमताने सांगते की आपण बरे नि आपले काम बरे. तरीही माणसे धावतात. याचा अर्थ ती हिशेब करीत नाहीत, असा नाही. चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते: आज निडीला जो धावला, त्याचा भाऊ उद्या कुठल्या तरी गाडीत असणार आहे. पण हेही उत्तर मला अपुरे वाटते. धावणाऱ्याच्या मनात धावताना भाऊ नसतो. आतून आवाज आला आणि पाय उचलले, एवढेच असते. विचार त्याला नंतर गाठतो.

या मूर्खपणाला घराणे आहे आणि ते चांगले खानदानी आहे. रायगड किल्ल्यावर सरदारांनी लढाया केल्या, पण आख्यायिकेने एका बुरुजाला नाव दिले ते दूध विकणाऱ्या हिरकणीचे. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, आणि बाई अंधारात कडा उतरून गेली. तिने कोणाला मारले नाही, कोणाला हरवले नाही. भुकेल्या पोरापर्यंत पोचली, एवढाच तिचा पराक्रम. शहाणी बाई सकाळपर्यंत थांबली असती.

दुसरे पूर्वज गोकुळातले. कृष्णाने कंसाला मारले ते बालपणाच्या शेवटी. त्याआधी त्याने गोवर्धन उचलला. समोर राक्षस नव्हता, पाऊस होता, आणि भिजणारी माणसे व गुरे होती. अवतारकार्यातला हा निखळ बचाव. तेव्हा आपापल्या काठ्या डोंगराला लावून उभे राहिलेल्या गोपांना आपण आजवर हसत आलो. डोंगर करंगळीवर आहे आणि हे काठ्या लावतात! मला वाटते, आपण चुकीच्या माणसांना हसलो. डोंगर खाली येतो आहे असे दिसल्यावर हातात काठी असलेल्या माणसाने दुसरे काय करायला हवे होते? रायगड जिल्ह्यात डोंगर खरोखर खाली येतो. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे आला. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर आला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर आला. प्रत्येक वेळी आधी पोचली ती काठ्यांचीच माणसे. हातात फावडे, घमेले, विजेरी.

तिसरा पूर्वज पेण तालुक्यातला. गागोदे इथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले, पुढे विनोबा झाले. १९५१ पासून या माणसाने गावोगाव पायी फिरून लोकांकडे जमीन मागितली, तीही स्वतःसाठी नव्हे. १९६० मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात गेले आणि दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. साऱ्या सुपरहीरोंच्या इतिहासात ही सगळ्यात विलक्षण गोष्ट असावी: खलनायकाशी लढायचे सोडून त्यालाच वाचवायला गेलेला नायक, आणि तो निघाला पेणचा. जमीन किती मिळाली, किती वाटली गेली, यावर वाद घालता येतो आणि घालावाही. पण दरोडेखोरही बुडतो आहे आणि त्यालाही हात द्यायला हवा, हे दिसायला जी नजर लागते, ती शहाण्यांकडे नव्हती.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. हा मूर्खपणा म्हणजे आंधळी उडी नव्हे. त्याला शिस्त असते आणि ती शिकता येते. रोहे तालुक्यातले कोलाड यासाठी पाहण्यासारखे आहे. मुळशीचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते, वीज करून झाली की कुंडलिकेत सुटते, आणि म्हणून नदीला उन्हाळ्यातही सकाळी जोर असतो. त्या जोरावर राफ्टिंगचा धंदा उभा राहिला आणि त्या धंद्याने आजूबाजूच्या गावांतल्या तरुणांना वाहत्या पाण्याची विद्या दिली. ती विद्या पहिली गोष्ट सांगते की पाण्यात शिरणे हा शेवटचा उपाय. आधी काठावरून काठी, बांबू, ओढणी, हाताला लागेल ते पुढे करायचे. नाही पोचले तर दोरी फेकायची. नाही जमले तर होडी न्यायची. यातले काहीच शक्य नसेल तरच पोहत जायचे, तेही लाइफ जॅकेट घालून, त्याला ओढताच सुटेल अशी दोरी लावून (कमरेला गाठ मारून कधीच नाही) आणि तिचे दुसरे टोक काठावर भरवशाच्या हातात देऊन.

बुडणारा माणूस सिनेमात दिसतो तसा हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. हाकेला वेळ नसतो. हात हलवून बोलवणेही त्याला जमत नाही, कारण ते हात पाण्यावर दाबून तो स्वतःला वर ढकलत असतो. म्हणून जवळ उभी असलेली माणसेही फसतात. त्यांना तो खेळतोय असे वाटते. त्याच्याजवळ समोरून गेलात तर तो तुमच्या गळ्यात मिठी घालतो आणि दोघे खाली जातात. मागून जायचे. हातात ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब असेल तर ती आधी पुढे सारायची, म्हणजे मिठी तिला बसते. दोरी फेकताना त्याच्या हातात नेमकी देण्याचा प्रयत्न करायचा नाही. त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची, म्हणजे ती त्याच्या अंगावर पडते. दोरी धरणाऱ्याने पाय रोवून बसायचे, नाहीतर पाणी त्यालाही ओढते. ही पाच-सहा वाक्ये पेण-रोह्याच्या प्रत्येक शाळेत पाढ्यांसारखी पाठ करून घ्यायला हवीत. मुलांना वेताळाचा ठोसा माहीत आहे. दोरी कुठे टाकायची, तेही माहीत असू दे.

काही वाचवणे तर दिसतच नाही, आणि ते मला सगळ्यात मोठे वाटते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला. दोन एसटी आणि इतर वाहने त्या खाईत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आले की पुलावर गेलेल्या गाड्यांचे दिवे एकाएकी नाहीसे होत आहेत. तो पावसात रस्त्यावर आला आणि येणारी वाहने थांबवू लागला. विचार करा. मध्यरात्रीच्या सुमाराला, धो धो पावसात एक अनोळखी माणूस हात आडवे करून गाडी अडवतो. त्याचे ऐकून जे थांबले, मृत्यूच्या हातून आपण किती थोडक्यात निसटलो हे त्यांना सकाळी कळले असेल. त्या माणसाने किती जणांना वाचवले, याची नोंद होऊच शकत नाही, कारण जे घडले नाही त्याचा पंचनामा होत नाही.

पेणच्या खारेपाटात तर अशा न दिसणाऱ्या बचावाची संस्थाच होती. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले बांध, म्हणजे बाहेरकाठे, आणि आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायच्या उघाड्या. उधाणाच्या भरतीत बाहेरकाठा फुटून खांड पडली, की पाणी एका शेतापुरते थांबत नाही. शिवारच्या शिवार खारे होते आणि पुढे काही वर्षे भात नीट येत नाही. म्हणून ज्याचे शेत खांडीपासून लांब, तोही चिखलात उतरायचा. सरकारी खारभूमीची व्यवस्था १९४८ च्या कायद्याने आली. त्याआधी बांध राखण्याचे काम गावकऱ्यांच्या एकत्र मेहनतीवर चाले. फुटलेल्या बांधात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाचे चित्र कोणी मुखपृष्ठावर छापले नाही. त्याने वाचवलेला भात मात्र सगळ्यांनी खाल्ला.

आणि या मूर्खपणाची परिसीमा आंबेनळी घाटात दिसली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरच्या हद्दीत दरीत कोसळली. एक जण सोडून कोणी वाचले नाही. आसपासच्या गिर्यारोहकांच्या तुकड्या दोर लावून धुक्यात, पावसात, निसरड्या कातळावरून त्या दरीत उतरल्या आणि एकेक मृतदेह वर आणला. वाचवायला कोणी उरले नव्हते, तरी जिवंत माणसांनी जीव दोरावर टांगला, कारण वर रस्त्यावर नातेवाईक उभे होते. हिशेबाच्या कोणत्या रकान्यात हे बसवणार? इर्शाळवाडीलाही माणसे अशीच जीव धोक्यात घालून चढली. ठाकर आदिवासींची वाडी, गाडी जाईल असा रस्ता नाही, रात्रीचा मुसळधार पाऊस, चिखलाची चढण. खोपोली परिसरातले तरुण गिर्यारोहक सुरुवातीलाच वर पोचले. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलातला एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. जेसीबी वर नेता येत नव्हते, म्हणून माणसांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले. पन्नासहून जास्त माणसे त्याच मातीखाली राहिली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अशा माणसांची स्तुती केली की ज्यांचे कामच आहे ते सुटतात. रूळ तपासणे हे निडीच्या गावकऱ्यांचे काम नव्हते. जुना पूल कधी बंद करायचा, हे गॅरेजमधल्या कामगाराने ठरवायचे नव्हते. धोक्याच्या डोंगराखालची वाडी पावसाळ्याआधी हलवणे, पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग २०११ पासून रखडू न देता पूर्ण करणे, नदीच्या पात्रात भराव होऊ न देणे, ही कामे पगारी माणसांची आणि निवडून दिलेल्या माणसांची आहेत. मी हे पूर्णपणे मानतो. जिथे जिथे शूर माणसे लागतात, तिथे कोणीतरी आपले साधे काम केलेले नसते. मूर्खांची स्तुती करणाऱ्याने शहाण्यांकडे जाब मागितलाच पाहिजे, नाहीतर ती स्तुती म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर केलेली बचत ठरते.

पण उद्या सगळे रूळ नीट झाले, सगळे पूल नवे झाले, तरी पहिला तास शेजाऱ्याचाच राहणार. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६ मध्ये उभे राहिले आणि त्याचे जवान उत्तम काम करतात. त्यांची महाराष्ट्रातली तुकडी पुण्याजवळ आहे. ती निघेपर्यंत, घाट उतरेपर्यंत, पाणी भरलेल्या रस्त्यातून वाट काढेपर्यंत नदी थांबत नाही. बुडणाऱ्याकडे मिनिटे असतात, गाडलेल्याकडे फार तर तास. तेवढ्या वेळात जो पोचू शकतो तो गावातलाच कोणीतरी असतो: होडीवाला कोळी, विक्रमवाला, कारखान्यातून पाळी संपवून परतणारा कामगार, गणपतीच्या कारखान्यात माती मळणारा पोरगा.

म्हणून या मूर्खांना कौतुकापेक्षा सामान द्यावे. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पन्नास मीटर तरंगती दोरी, चार लाइफ जॅकेट, दोन ट्यूब, दोन दमदार विजेऱ्या आणि घडीचे एक स्ट्रेचर असावे, आणि ते ज्या कपाटात असेल त्याची किल्ली सरपंचाच्या खिशात न राहता चौकातल्या दुकानात असावी. ज्यांनी बचावाचे शिक्षण घेतले आहे त्यांचा विमा सरकारने भरावा. बचावात ज्याचा दिवस बुडाला त्याला त्या दिवसाची मजुरी मिळावी; यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गणेशमंडळांनी एका वर्षी राक्षसवधाऐवजी निडीचा देखावा करावा. ‘बाहुबली’ गाजला तेव्हा त्या रूपातल्या गणेशमूर्तींना मागणी आली होती. मग लाइफ जॅकेट घातलेला, हातात दोरी असलेला गणपती पेणच्या कारागिरांना अवघड नाही. विघ्नहर्त्याला ते रूप शोभूनही दिसेल.

आणि जे आज काठावर उभे राहून मोबाइलवर चित्रण करतात, त्यांना एवढेच सांगणे की या मूर्खांच्या जातीत यायला जन्म लागत नाही. पोहता येत नसेल तर दोरीचे दुसरे टोक धरा. तेही जमत नसेल तर गाड्या थांबवा, रुग्णवाहिकेला फोन लावा, गर्दी मागे हटवा, घरातली चादर आणून द्या. शहाणे राहून आयुष्य सुरक्षित जाईल, यात शंका नाही. पण ज्या दिवशी तुमचा डबा आडवा पडेल, त्या दिवशी वरच्या दारातून आत डोकावणारा चेहरा शहाण्याचा नसेल. तो चेहरा तिथे असावा असे वाटत असेल, तर या पावसाळ्याआधी दोरी विकत घ्या आणि ती फेकायला शिका.